चक्रीय की सलग? रजोनिवृत्तीच्या हॉर्मोन उपचारात या चुका टाळा

“ताई, यातलं पहिलं तेवढं द्या. वाफा त्यानेच थांबतात, दुसऱ्याने नुसती झोप येते.” चिपळूणजवळच्या बाजारपेठेत औषधांचे दुकान चालवताना हे वाक्य मी वरचेवर ऐकते. चिठ्ठीवर एक औषध इस्ट्रोजेनचे आणि एक प्रोजेस्टेरॉनचे असते, आणि दोन्ही घेतली की महिन्याचा खर्च वाढतो, हेही खरेच आहे. तरीही जिचे गर्भाशय शाबूत आहे त्या स्त्रीला मी पहिले औषध एकटे देत नाही. आधी डॉक्टरांशी बोलायला लावते. यामागचे कारण नीट समजले, तर चक्रीय पद्धत घ्यावी की सलग, या प्रश्नाचा निम्मा उलगडा तिथेच होतो.

पाळी जाण्याच्या सुमारास अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, रात्री घामाने भिजणे, तुटक झोप, योनीमार्गाचा कोरडेपणा हा त्रास मुख्यतः इस्ट्रोजेन कमी झाल्याने होतो, आणि ते बाहेरून दिले की कमी होतो. परंतु तेच इस्ट्रोजेन गर्भाशयाच्या आतले अस्तरही वाढवत राहते. पूर्वी शरीर दर महिन्याला प्रोजेस्टेरॉन तयार करून ही वाढ रोखत असे आणि अस्तर पाळीवाटे निघून जात असे. आता ते काम औषधालाच करावे लागते. एकट्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे १९७५ साली अमेरिकेतल्या अभ्यासांतून पुढे आले. पुढे तिथल्याच ‘पेपी’ चाचणीत, तीन वर्षे केवळ इस्ट्रोजेन घेतलेल्या आणि गर्भाशय असलेल्या स्त्रियांपैकी ६२ टक्के जणींच्या अस्तराची कमी-अधिक प्रमाणात अवाजवी वाढ झालेली आढळली. प्रोजेस्टेरॉनची जोड मिळालेल्या स्त्रियांत ती जवळजवळ रोखली गेली.

ही जोड देण्याच्या दोन रीती आहेत. चक्रीय पद्धतीत इस्ट्रोजेन रोज आणि प्रोजेस्टेरॉन महिन्यातले १२ ते १४ दिवस घेतात. ते दिवस संपत आले किंवा संपले की पाळीसारखा रक्तस्राव होतो. सलग पद्धतीत दोन्ही औषधे रोज घेतात, त्यामुळे अस्तर पातळच राहते आणि काही महिन्यांनी रक्तस्राव पूर्ण थांबतो. मायक्रोनाइज्ड (अतिसूक्ष्म कण केलेले) प्रोजेस्टेरॉन चक्रीय पद्धतीत साधारणतः २०० मिलिग्रॅम आणि सलग पद्धतीत १०० मिलिग्रॅम दिले जाते. म्हणूनच एकीची चिठ्ठी दुसरीला चालत नाही, मग त्या सख्ख्या बहिणी असल्या तरी.

शिमग्यापासून गणपतीपर्यंत वर्ष होत नाही

कोणती पद्धत योग्य, हे प्रामुख्याने शेवटच्या पाळीच्या तारखेवरून ठरते. सलग १२ महिने पाळी आली नाही, तर रजोनिवृत्ती झाली असे मानतात आणि त्यानंतर सलग पद्धत सुरू करता येते. पाळी अनियमित का होईना पण अजून येत असेल, तर चक्रीय पद्धत द्यावी लागते, कारण अंडाशय अधूनमधून काम करत असतात आणि त्यांच्या स्वतःच्या चढउतारावर सलग औषध घातले तर केव्हाही डाग पडत राहतात.

आपल्याकडे ही तारीख बहुधा सणावरून लक्षात ठेवली जाते. “पालखी घरी आली तेव्हा शेवटची आली होती,” असे एखादी गणपतीच्या दिवसांत सांगते, आणि तेव्हापासून पाळी गेलीच म्हणून धरून चालते. शिमगा ते भाद्रपद हे जेमतेम सहा महिने झाले. मध्ये एकदा लावणीच्या दिवसांत दोन दिवस डाग पडले होते, हे खोदून विचारल्यावर आठवते, आणि तेही लावणीच्या दगदगीमुळे म्हणून सोडून दिलेले असते. मधल्या काळात पाळी आली असेल तर १२ महिन्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. आणि वर्षभर काहीच नसताना अचानक रक्तस्राव झाला असेल, तर कोणताही हॉर्मोन उपचार सुरू करण्याआधी त्याचे कारण शोधावे लागते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने केलेली एक खूण इथे महागड्या तपासणीपेक्षा उपयोगी पडते. पंचेचाळिशीनंतर केवळ रक्तातले एफएसएच (अंडाशयाला चालना देणारे हॉर्मोन) तपासून पद्धत ठरवण्यात फारसा अर्थ नसतो, कारण या वयात त्याची पातळी दर आठवड्याला बदलू शकते.

हॉर्मोन उपचार सुरू आहे म्हणून गर्भ राहणार नाही, हा समजही चुकीचा आहे. या गोळ्या गर्भनिरोधक नाहीत. शेवटच्या पाळीनंतर, वय पन्नाशीच्या आत असेल तर दोन वर्षे आणि पन्नाशीपुढे असेल तर एक वर्ष वेगळी काळजी घ्यावी, असा नियम डॉक्टर सांगतात.

दहाचे पाकीट आणि बारा दिवस

ही चूक मला सर्वांत जास्त सलते, कारण तिची सुरुवात आमच्याच काउंटरवर होते. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांचे पाकीट अनेकदा २८ गोळ्यांचे असते, पण प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल दहाच्या पाकिटात येतात. चिठ्ठीवर १२ दिवस लिहिलेले असते. स्त्री एक पाकीट मागते, दुकानदार एक पाकीट देतो, दहाव्या रात्री ते संपते आणि महिन्याचा कोटा पूर्ण झाला असे दोघेही समजतात. डायड्रोजेस्टेरॉन या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधाच्या गोळ्यांचेही तसेच आहे. त्या १४ दिवस घ्यायच्या असतील तर दहाच्या पाकिटावर आणखी चार गोळ्या कापून घ्याव्याच लागतात. दोन-चार दिवसांनी काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अस्तराचे संरक्षण प्रोजेस्टेरॉनच्या मात्रेइतकेच दिवसांच्या संख्येवरही अवलंबून असते, आणि १२ ते १४ हा आकडा अनुभवाने व अभ्यासाने ठरलेला आहे.

आमच्याकडून औषध नेणाऱ्या एक काकू आठ महिने असेच दहा दिवस घेत होत्या. त्यांना मधल्याच तारखांना रक्तस्राव होऊ लागला, सोनोग्राफीत अस्तर जाड दिसले, तुकडा काढून तपासावा लागला. अहवाल चांगला आला, पण तो येईपर्यंतचे आठ दिवस त्या घराने कसे काढले, ते मी पाहिले आहे. चिठ्ठीवरचे दिवस मोजून गोळ्या देणे हे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते. आता प्रत्येक पाकिटावर मी पेनाने सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहून देते, आणि प्रत्येकीने आपापल्या दुकानदाराकडून तशी लिहून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

औषध मुंबईहून येत असेल, तर आणखी एक घोटाळा होतो. मुलगा दोन महिन्यांची औषधे पाठवतो, पावसाळ्यात घाट बंद पडतो, एक औषध संपते आणि दुसरे उरते. अशा वेळी इस्ट्रोजेन चालू ठेवून प्रोजेस्टेरॉनला खाडा देणे ही सर्वांत वाईट तडजोड ठरते. निदान १५ दिवसांचा साठा हाताशी असावा, आणि तरीही प्रोजेस्टेरॉन संपलेच, तर मनाने काही ठरवण्यापेक्षा डॉक्टरांना फोन करावा.

राहिला प्रश्न झोपेचा. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनने गुंगी येते हे खरे आहे, आणि म्हणूनच ते रात्री अंथरुणावर पडतानाच घ्यायचे असते. भरल्या पोटी घेतले तर ते रक्तात अधिक उतरते आणि गुंगी वाढते. तेव्हा जेवणानंतर साधारण दोन तास जाऊ द्यावेत. सकाळी चहाबरोबर कॅप्सूल घेऊन दिवसभर पेंगणाऱ्या कितीतरी जणींची तक्रार एवढ्या एका बदलाने मिटलेली आहे.

कोणते रक्त चालते, कोणते नाही

चक्रीय पद्धतीत ठरलेल्या दिवसांत येणारा रक्तस्राव अपेक्षित असतो. तो पाहून “पाळी परत सुरू झाली” असे समजून औषध सोडणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. काहींना तो येतच नाही. औषधे दिवस न चुकवता घेतली असतील आणि गर्भधारणेची शक्यता नसेल, तर त्यात घाबरण्यासारखे काही नसते. मात्र तो भलत्याच तारखांना, फार जास्त किंवा फार दिवस होऊ लागला, तर आधी गोळ्या चुकल्या का ते पाहावे, क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन किंवा फिट्सवरची काही औषधे सुरू झाली असतील तर तेही सांगावे, कारण ती हॉर्मोनचा असर कमी करतात, आणि नंतर तपासणी करून घ्यावी.

सलग पद्धतीत पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात. याच काळात कंटाळून उपचार सोडला जातो, आणि ही माहिती आधी दिली गेली असती तर बहुतेक जणींनी धीर धरला असता. सहा महिन्यांनंतरही डाग चालू राहिले, किंवा एकदा पूर्ण थांबून पुन्हा रक्त दिसले, तर मात्र आतून केलेली सोनोग्राफी हवीच. सलग उपचारावर अस्तराची जाडी चार मिलिमीटरपेक्षा जास्त निघाली, तर पुढची तपासणी करतात.

भीती नेमकी कशाची

जुलै २००२मध्ये अमेरिकेतली ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ चाचणी थांबवली गेली आणि स्तनाच्या कर्करोगाच्या भीतीने जगभर या गोळ्या बंद झाल्या. त्या चाचणीत सलग पद्धतीने औषध घेणाऱ्या गटात दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला सुमारे आठ जास्त रुग्ण आढळले होते. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि त्यांना दिलेले प्रोजेस्टोजेनही (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध) वेगळे होते. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या विश्लेषणानुसार, पन्नाशीपासून पाच वर्षे सलग पद्धत घेतली तर पुढच्या काळात दर ५० जणींमागे स्तनाच्या कर्करोगाचा एक जास्त रुग्ण, चक्रीय पद्धतीत दर ७० जणींमागे एक आणि केवळ इस्ट्रोजेन घेतल्यास दर २०० जणींमागे एक, असे प्रमाण निघाले. हे आकडे पाश्चात्त्य देशांतले आहेत. भारतात या रोगाचे मूळ प्रमाणच कमी आहे.

यावरून “मग कायम चक्रीयच घेते” असे ठरवणे घाईचे ठरते. चक्रीय पद्धत पाच वर्षांहून अधिक चालवली, तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, आणि सलग पद्धतीत अस्तराचे संरक्षण अधिक चांगले होते. माझ्या मते, पाळी येत असताना चक्रीय पद्धतीने सुरुवात करून योग्य वेळी सलग पद्धतीवर जाणे हाच बहुतेक जणींसाठी सरळ मार्ग आहे. तो बदल केव्हा करायचा, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून ठेवावे. स्तनाचा कर्करोग झालेला असणे, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेली असणे, यकृताचा चालू आजार, अर्धांगवायू किंवा हृदयविकाराचा झटका, यांपैकी काही असेल तर प्रश्न पद्धतीचा राहतच नाही, हा उपचार घ्यावा की नाही हाच असतो; हे सगळे पहिल्याच भेटीत सांगावे. गुठळीची भीती असलेल्यांसाठी तोंडावाटे घेण्याच्या गोळीऐवजी त्वचेवर लावायचे इस्ट्रोजेनचे जेल अधिक सुरक्षित मानतात. मे महिन्यातल्या घामात ते लावल्यावर त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्यावी, मगच कपडे चढवावेत.

ज्यांची पिशवी काढलेली आहे त्यांना सहसा प्रोजेस्टेरॉन लागत नाही. परंतु ऑपरेशनचा कागद जपून ठेवावा, कारण गर्भाशयाचे तोंड ठेवले होते का, अंडाशय ठेवले होते का आणि एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) होता का, या तिन्ही गोष्टींवर निर्णय बदलू शकतो.

गौरी-गणपतीच्या तारखा

भाद्रपदाच्या तोंडावर पाळी पुढे ढकलणाऱ्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्यांची मागणी एकदम वाढते, आणि चक्रीय उपचारावर असलेल्या स्त्रियाही त्या मागतात. आधीच्या दोन औषधांवर हे तिसरे मनाने चढवू नये. पाळी लांबवण्यासाठी जी मात्रा लागते, तिचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि गुठळीचा धोका वाढू शकतो. चक्रीय पद्धतीत रक्तस्रावाची तारीख आधीच माहीत असते, ही तिची मोठी सोय आहे. त्यामुळे आषाढातच डॉक्टरांना सणाची तारीख सांगितली, तर प्रोजेस्टेरॉनचे दिवस थोडे पुढे-मागे करून देता येतात, आणि त्यांची संख्या मात्र बारा ते चौदाच राहते.