शेतात रडारचा आरसा उभा करताना

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या काळ्या मातीत आमची विहीर आहे. तिचा काठ खचतोय का, हे मला आकाशातून, रडार उपग्रहानं मोजायचं होतं. हा उपग्रह लहर सोडतो आणि जमिनीवरून परतलेली टिपतो.

एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे नुसत्या घड्याळावर मिलिमीटर कळत नाहीत. परतलेल्या लहरीची फेज, म्हणजे ती आपल्या चढउतारात नेमकी कुठे आहे, हे बघावं लागतं. सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाच्या लहरीची लांबी साधारण ५.५ सेंटिमीटर. लहर जाते आणि परतही येते, म्हणून जमीन उपग्रहाच्या रोखानं त्या लांबीच्या निम्मी, २.८ सेंटिमीटर सरकली की फेजचा एक फेरा पुरा.

भातातून येणारी लहर मात्र भरवशाची नाही. म्हणून आरसा: लहर आल्या वाटेनं परत पाठवणारा धातूचा कोपरा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांतून अ‍ॅल्युमिनियमच्या तीन त्रिकोणी प्लेटा कापून आणा, काटकोनाच्या बाजू मीटरभर. जोडताना तिन्ही कोन गुण्यानं तपासा; वेल्डरच्या ‘बसतंय ओ’वर जाऊ नका. उपग्रहाच्या सकाळच्या, दक्षिणेकडे जाणाऱ्या फेरीसाठी तोंड पूर्वेला, जरासं दक्षिणेकडे. खालच्या कोपऱ्यात भोक ठेवाच. माझा पहिला आरसा जूनमध्ये हौद झाला, बेडकांसकट!

पाया खोल घ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. नाहीतर मोजाल ते मातीचंच. दुसरा आरसा जवळच्या खडकावर लावा, कारण हाती येतो तो दोघांतला फरक.