नेवऱ्यांची जाहिरात छापण्याआधी

गोव्यात चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, विकायच्या तर पत्रकाचा मजकूर राहू दे, आधी गिऱ्हाईक कुठल्या गावचं ते ठरवा. फोंडा, डिचोली, सत्तरीकडे घरात कोकणी बोलतात, पण सकाळी हातात मराठी पेपर असतो. तिथे पत्रक मराठीतच काढा. तेच पत्रक दक्षिण गोव्यात, सासष्टीतल्या ख्रिस्ती वाड्यावर टाकलंत तर रद्दीत जाईल, कारण तिथली कोकणी रोमी, म्हणजे रोमन लिपीत वाचली जाते. मडगावात लागलेली तियात्रांची (कोकणी नाटकांची) पोस्टरं एकदा थांबून बघा, म्हणजे पटेल. १९८७च्या राजभाषा कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी, हे खरं. पण आपण नेवऱ्या विकतोय, सरकारी परिपत्रक काढत नाही. २०११च्या जनगणनेत सुमारे दोन तृतीयांश गोंयकारांची मातृभाषा कोकणी नोंदली गेली, तेव्हा एकच कोकणी पत्रक गोवाभर पुरेल, असं मात्र धरून चालू नका.

रोमी मजकूर मोबाइलवर अक्षरं बदलून तयार करू नका. त्या लिपीची स्वतःची रीत आहे. ‘श’साठी एक्स येतो, अनुस्वाराच्या जागी बहुधा एम. सासष्टीतल्याच, रोमीत लिहिणाऱ्या माणसाला बसवा आणि त्याला पैसे द्या. ‘जरा बघून दे रे’ म्हणून फुकट करून घेतलेलं काम तसंच दिसतं. अंत्रुजी, म्हणजे फोंड्याकडच्या वळणाची कोकणी रोमीत उतरवली तरी तिकडे ती परकीच वाटते, म्हणून छापण्याआधी तिथल्याच एखाद्या आजीला मोठ्याने वाचायला सांगा. जिथे अडखळेल ते वाक्य बदला.

वास्कोत बायणा, झुआरीनगरकडे कन्नड आणि हिंदी बोलणारी वस्ती मोठी आहे. तिथे पत्रकांवर खर्च करण्यापेक्षा नाक्यावरच्या दुकानदाराकडे नमुन्याचा पुडा ठेवा, तो गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलतो.

मालाचंही बघून घ्या. चवथीच्या फोटोत नेवऱ्यांशेजारी शोभेला बिबिंका, म्हणजे थरांचा गोवन केक, ठेवू नका. त्यात अंड्याचे बलक असतात आणि चवथीच्या दिवसांत ते घरात चालत नाही. दोदोल नारळाच्या रसाचं, गुळाचं, ते चालेल. लेबलवर शाकाहाराची हिरवी खूण हवीच. सक्तीचा तपशील इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावा लागतो, मराठी-कोकणी त्याच्या जोडीला.

नेवरी नाताळातही होते, ही आपली मोठी सोय. पण म्हणून चवथीच्या पत्रकावरचा गणपती काढून तारा चिकटवायचा नाही. नाताळात ती कुस्वाराच्या, म्हणजे नाताळच्या फराळाच्या ताटातून शेजाऱ्यांकडे जाते, तेव्हा तिथे भेटीचा डबा दाखवा; चवथीला पाहुण्यांसाठी किलोवर लागते, तिथे किलोचा भाव ठळक हवा. मिठाईची मोठी जाहिरात ख्रिस्ती वस्तीत ईस्टरआधीच्या उपवासकाळात करू नये. रमझान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे ईदची तारीख गेल्या वर्षीच्या वहीतून उचलू नका.

फोन कोण उचलणार, हे छपाईआधी नक्की करा. रोमी पत्रक वाचून आलेल्या बाईला पलीकडून अस्खलित पुणेरी मराठी ऐकू आली तर ऑर्डर तिथेच थंडावते. दुपारी एक ते चार फोन करत सुटू नका, कुठल्याच भाषेत.

सगळी पत्रकं एकदम छापू नका. थोडीशी काढून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वाटा आणि लोक काय विचारतात ते लिहून घ्या. पत्रकात छापलेलीच गोष्ट तिघांनी विचारली, तर ती मोठ्या अक्षरांत घ्या आणि मगच उरलेली छापायला सांगा.