झोन्ड डिस्कसाठी फाइल सिस्टिमचा कोड लिहिताय? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याची बरीच मुलं आता लिनक्स कर्नलच्या कोडात हात घालतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण झोन्ड डिस्कवर, म्हणजे झोन नावाच्या भागांत विभागलेल्या आणि प्रत्येक झोनमध्ये ओळीनेच लिहू देणाऱ्या डिस्कवर, त्यांचा कोड बहुतेकदा एकाच ठिकाणी अडतो: आधीपासून ठरवून ठेवलेल्या जागी लिहायचा हट्ट. होस्ट-मॅनेज्ड एसएमआर डिस्कवर (ट्रॅक एकमेकांवर चढवलेले, आणि लिहिण्याचा क्रम कॉम्प्युटरनेच सांभाळायचा) साधारण २५६ एमआयबीचे झोन असतात आणि लिहायचं ते राइट पॉइंटर, म्हणजे पुढच्या लेखनाच्या जागेची खूण, असेल तिथूनच. रावेरला केळीची गाडी भरतात तसंच हे. तळाचा घड बदलायचा तर गाडी रिकामी करावी लागते.

म्हणून एकाच पत्त्यावर पुन्हा पुन्हा लिहिला जाणारा सुपरब्लॉक (फाइल सिस्टिमची मूळ माहिती ठेवणारा ब्लॉक) इथे चालत नाही. २०२१ मध्ये कर्नल ५.१२ सोबत बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये झोन्ड मोड आला, त्यातला उपाय बघा: सुपरब्लॉकसाठी दोन झोन राखून ठेवायचे, नवी प्रत पुढे लिहीत जायची, एक भरला की दुसऱ्यात जायचं.

खरी डोकेदुखी आहे ती क्रमाची. समजा, दोन थ्रेडनी एकाच झोनमध्ये जागा घेतली. एकाला ० ते ७ ब्लॉक मिळाले, दुसऱ्याला ८ ते १५. दुसऱ्याचं लेखन आधी पोचलं की एसएमआर डिस्क ‘अनअलाइन्ड राइट’ म्हणून ते परत करते. मग माणूस अलाइनमेंट (लेखन ब्लॉकच्या सीमेवर बसतं का) तपासत बसतो, आणि दोष असतो क्रमाचा. कर्नल ६.१० मध्ये झोन राइट प्लगिंग (झोनवरची लेखनं रांगेत धरणारी सोय) आलं, पण ते तुम्ही दिलेला क्रम सांभाळतं. चुकलेला क्रम लावून देत नाही. तेव्हा जागा घेण्यापासून लेखन सोपवेपर्यंत त्या झोनचं लॉक धरा, नाहीतर झोन अपेंड वापरा. अपेंडमध्ये फक्त झोन सांगायचा. डेटा कुठे पडला हे काम झाल्यावर कळतं. त्याआधीच एक्स्टेंटची (फाइलचा डेटा डिस्कवर कुठे आहे त्याची) नोंद करून टाकलीत तर ती खोटी ठरेल.

झेडएनएस, म्हणजे झोनमध्ये विभागलेल्या, एसएसडीवर झोनचा आकार म्हणजे क्षमता नव्हे. वेस्टर्न डिजिटलच्या झेडएन५४० वर झोन २०४८ एमआयबीचा, पण लिहिता येतं १०७७ एमआयबी. एका वेळी किती झोन चालू ठेवता येतात, यालाही मर्यादा असते. ती डिस्कलाच विचारा.

आता विजेचं. आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. मध्येच वीज गेली तर राइट पॉइंटर मेटाडेटाच्या (फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या हिशोबाच्या) नोंदीपेक्षा पुढे सरकलेला असू शकतो. माउंट करताना झोन रिपोर्ट (प्रत्येक झोनची सध्याची स्थिती) मागवा आणि पॉइंटरच्या बाबतीत डिस्क सांगेल तेच खरं माना.

हे सगळं तपासायला महागडी डिस्क हवी असं नाही. लॅपटॉपवर नल-ब्लॉक हा खोटी डिस्क तयार करणारा ड्रायव्हर झोन्ड पर्यायासह लोड करा. पारंपरिक, म्हणजे कुठेही लिहू देणाऱ्या, झोनची संख्या मात्र शून्य ठेवा. मेटाडेटा गुपचूप तिथे जाऊन बसत असेल तर माउंट करतानाच उघडं पडेल.