घरी बनवलेले टेबलटॉप आर्केड मशीन घेताना काय पाहावे

जॉयस्टिक आणि बटणांवर जुने व्हिडिओ गेम खेळण्याच्या अशा मशीनचा विक्रेता सर्वांत आधी त्यात किती हजार गेम आहेत ते सांगतो. माझ्या मते भाव ठरवताना त्या आकड्याला मुळीच महत्त्व देऊ नये. असे गेम चालवणारी रेट्रोपाय ही प्रणाली मोफत मिळते, मेम हा एमुलेटर (जुन्या मशीनची नक्कल करून त्यांचे गेम चालवणारा प्रोग्राम) 2016 पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे, आणि बहुतेक जुन्या गेमचे हक्क आजही कंपन्यांकडे असल्याने मेमरी कार्डात भरलेल्या प्रती विकण्याचा अधिकार विक्रेत्याला सहसा नसतो. पैसे मोजायचे ते लाकूडकामाचे, बटणांचे आणि वायरिंगचे.

मशीन बंद असतानाच प्रत्येक बटण एका बोटाने, सावकाश, मधोमध आणि मग कडेवर दाबून पाहावे. बटणाखालच्या छोट्या स्विचची, म्हणजे मायक्रोस्विचची, टिक प्रत्येक वेळी सारख्याच खोलीवर यायला हवी आणि कडेवर दाबल्यावर बटण अडकता कामा नये. जॉयस्टिककडे याहून बारकाईने पाहावे लागते. 1980 च्या पॅक-मॅनला चारच दिशा लागतात, त्यामुळे आठ दिशांच्या जॉयस्टिकवर तो खेळताना वळणावर तिरका संकेत जाऊन वळण हुकते. उलट 1991 च्या स्ट्रीट फायटर 2 ला आठही दिशा आणि सहा बटणे लागतात. दोन्ही खेळ उत्तम चालतात असे सांगणाऱ्याला जॉयस्टिकखालची दिशा मर्यादित करणारी पट्टी बदलून दाखवायला सांगावे.

नागपुरात लाकडाची पारख विशेष काळजीने करावी, कारण येथे उन्हाळाभर घरोघरी कूलर चालतो आणि त्याची ओल एमडीएफला, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला, सोसत नाही. धरमपेठेतील एका घरी मी पाहिलेले मशीन समोरून अतिशय देखणे होते, पण कूलरच्या झोतात राहून त्याच्या तळाची कड फुगली होती आणि नखाने दाबताच भुसा हाताला लागला. कडा नीट बंद केलेले प्लायवूड असल्यास थोडे अधिक पैसे देण्यास हरकत नाही.

त्यानंतर मागची बाजू बंद ठेवून मशीन निदान अर्धा तास चालवायला लावावे. अशा मशीनच्या आत सहसा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असतो; त्याचा प्रोसेसर 80 अंशांच्या पुढे तापला की आपला वेग कमी करतो, आणि मे महिन्यात खोलीच चाळिशीपार गेलेली असताना हवा खेळण्यासाठी जाळी व पंखा नसलेला डबा फार काळ तग धरत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह दिसल्यास वीजपुरवठा अपुरा आहे असे समजावे. रास्पबेरी पाय 4 ला 5 व्होल्ट, 3 अँपिअरचा अडॅप्टर लागतो.

किंमत ठरवताना सुट्या भागांचे आजचे भाव जोडावेत, जुन्या मॉनिटरची किंमत जुन्याचीच धरावी आणि त्यावर सुतारकाम व जोडणीची मजुरी मोकळ्या मनाने द्यावी, कारण नीट बांधलेल्या, रंगांनुसार वेगळ्या केलेल्या तारांमागे कोणाच्या तरी कित्येक संध्याकाळी गेलेल्या असतात. ढिले बटण स्वस्तात बदलता येते, त्यामुळे तेवढी रक्कम कमी करून सौदा करावा. मात्र आत 230 व्होल्टचे जोड उघडे दिसले, तर मशीन कितीही कमी भावात मिळत असले तरी घेऊ नये.