नामदाफाला निघण्यापूर्वी

अरुणाचल प्रदेशाच्या चांगलांग जिल्ह्यात, म्यानमारच्या सीमेला लागून असलेल्या नामदाफा राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे 1985 चौरस किलोमीटर असून त्याची उंची समुद्रसपाटीपासून अवघ्या 200 मीटरपासून दाफा बुम शिखरापाशी 4571 मीटरपर्यंत चढत जाते. 1972 साली अभयारण्य म्हणून आणि 1983 साली राष्ट्रीय उद्यान व व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झालेल्या या जंगलात पर्यटकांच्या वाट्याला येतो तो देबान या वनविश्रामगृहाच्या ठिकाणाच्या आसपासचा एक लहानसा कोपरा, आणि तोही पायी. जिपा, सफारीच्या फेऱ्या, ठरलेल्या वेळा अशी व्यवस्था येथे नाही. म्हणून मध्य भारतातील व्याघ्र प्रकल्पांच्या सवयीने आखलेले तीन दिवसांचे वेळापत्रक येथे लागू पडत नाही, आणि तयारीची सुरुवात सामानापासून न करता दिवसांच्या हिशेबापासून करावी लागते.

दिवस मोजताना आधी जाण्यायेण्याचे वेगळे काढावेत. विमानाने दिब्रुगढच्या मोहनबारी विमानतळावर किंवा रेल्वेने तिनसुकियाला उतरून दिगबोई, मार्गेरिटा, लेडो, जागुन या मार्गाने मियाओ गाठायचे, तेथे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी नोआ-दिहिंग नदीच्या काठाने देबानला जायचे, असा सर्वसाधारण क्रम असतो. नकाशावर हे अंतर किरकोळ वाटते. तरीही मियाओपर्यंतचा प्रवास हा अख्ख्या दिवसाचाच समजावा, कारण ईशान्येत सूर्य लवकर मावळतो आणि डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारासच उजेड संपू लागतो. मियाओहून देबानमार्गे थेट म्यानमार सीमेलगतच्या विजयनगरकडे जाणारा रस्ता जंगलातूनच जातो. पावसात त्यावर दरडी येतात, ओढे फुगतात आणि गाडी कुठे अडेल हे आदल्या दिवशी कोणीही सांगू शकत नाही. माझ्या मते पदभ्रमणाच्या ठरवलेल्या दिवसांवर किमान दोन मोकळे दिवस ठेवल्याशिवाय परतीचे विमानाचे तिकीट काढूच नये. हे दोन दिवस वाया गेले नाहीत तर देबानच्या बंगल्यासमोर बसून नदी पाहण्यात ते उत्तम जातात.

हंगामाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा काळ. मार्चपासून पूर्वमोसमी सरी वाढू लागतात आणि पावसाळ्यात जंगलात शिरण्याचा विचार सोडून द्यावा. कोरडा म्हणजे येथे बिनपावसाचा नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. हिवाळ्यातही एखादी सर दोन दिवस मुक्कामाला येते आणि तेवढ्यात सर्व काही भिजते.

कागदपत्रांचे काम घरी बसून पूर्ण करावे. 1873 च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनखाली अरुणाचलाबाहेरील भारतीय नागरिकांना इनर लाइन परमिट घ्यावे लागते. ते ऑनलाइन मिळते आणि मियाओच्या वाटेवर नामचिकच्या नाक्यावर तपासले जाते. त्यात जायच्या जिल्ह्याचा उल्लेख बरोबर आहे ना आणि मोकळे दिवस धरून मुदत पुरते ना, हे छापून घेण्यापूर्वी पाहावे. परदेशी पारपत्र असलेल्यांना, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्डधारक नातेवाइकांसह, वेगळा परवाना लागतो आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा अशी व्यक्ती सोबत असेल तर तिच्या परवान्यावरच साऱ्यांच्या तारखा ठरवाव्यात. उद्यानात प्रवेशाची परवानगी ही त्याहून निराळी असून ती मियाओ येथील क्षेत्र संचालकांच्या कार्यालयातून मिळते. देबानच्या वनविश्रामगृहाचे आरक्षणही तेथेच विचारावे. कार्यालयाच्या सुट्टीच्या दिवशी मियाओला पोहोचण्याची योजना करू नये. सर्व परवान्यांच्या व ओळखपत्राच्या चार-चार प्रती कागदावर असाव्यात, कारण मोबाईलमधील प्रत नेटवर्क व बॅटरी या दोन्हींवर अवलंबून असते आणि मियाओ सोडल्यावर दोन्हींचा भरवसा धरता येत नाही. हा सीमावर्ती जिल्हा असल्याने निघण्याच्या आठवड्यात स्थानिक प्रशासनाकडे किंवा आपल्या गाईडकडे परिस्थितीची चौकशी करणेही या कामाचाच भाग मानावा. रोख रक्कम तिनसुकिया किंवा दिब्रुगढलाच काढावी, आणि ती लहान नोटांत असावी.

यानंतर माणसे ठरवावीत. देबानहून नोआ-दिहिंग होडीने ओलांडली की पलीकडे हल्दीबारी, हॉर्नबिल, बुलबुलिया, फर्मबेस अशा तळांची साखळी सुरू होते. नावे भारदस्त असली तरी त्यांपैकी कुठे तयार तंबू, स्वयंपाकघर वा दुकान मिळेल असे समजू नये. तंबू, भांडी, शिधा, रॉकेल किंवा गॅस हे सर्व पाठीवरून जाते, आणि म्हणून गाईड, स्वयंपाकी व पोर्टर मिळाल्याशिवाय ही योजना कागदावरच राहते. लिसू, ज्यांना योबिन असेही म्हणतात, त्या समाजाची गावे विजयनगर-गांधीग्रामच्या बाजूला आहेत आणि या जंगलातल्या वाटा त्यांच्याइतक्या फार थोड्यांना ठाऊक आहेत. शक्य असेल तेथे त्यांच्यातील गाईड घ्यावा. मजुरी ठरवताना तीन गोष्टी आधीच स्पष्ट बोलून घ्याव्यात: पोर्टर माघारी रिकामा येतो त्या दिवसाचे पैसे धरले आहेत काय, पावसाने थांबावे लागले तर त्या दिवसाचे काय, आणि त्यांचा शिधा कोणाच्या हिशेबात आहे. तिसऱ्या मुद्द्यावर सर्वाधिक घोटाळे होतात. पाच पर्यटकांसोबत सात माणसे असतील तर तांदूळ बारा जणांचा लागतो, हे मियाओच्या बाजारात उभे राहिल्यावर सुचून उपयोग नाही. पोर्टरकडे स्वतःचे ताडपत्रीचे छत आणि पांघरूण आहे ना, हेही विचारावे. नसेल तर ते आपण घेऊन द्यावे.

आता पायांकडे वळू, कारण या प्रवासाचे यशापयश गुडघ्याखालीच ठरते. ओढे ओलांडून, ओल्या पानांच्या थरावरून, निसरड्या दगडांवरून रोज सहा-सात तास चालायचे असते आणि चामड्याचा उंची ट्रेकिंग बूट एकदा भिजला की पुढील चार दिवस वाळत नाही. स्थानिक लोक गमबूट वापरतात आणि ती निवड अनुभवातून आलेली आहे: चिखल धुता येतो, पाणी ओतून टाकता येते आणि आतला पाय पिंडरीपर्यंत झाकलेला राहतो. मात्र गमबुटात तळव्याला आधार नसतो. म्हणून घरीच त्यात वेगळा जाड तळ घालून, जाड मोजे चढवून काही दिवस चालून पाहावे आणि टाचेवर कुठे घासते ते ओळखून तेथे चिकटपट्टी लावण्याची सवय करून घ्यावी. मोज्यांच्या जोड्या नेहमीपेक्षा दुप्पट घ्याव्यात आणि त्यातली एक जोडी फक्त झोपण्यासाठी, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, कितीही मोह झाला तरी दिवसा न काढण्याच्या अटीवर ठेवावी. रात्री पाय पुसून, बोटांच्या बेचक्यांत बुरशीनाशक पावडर टाकून कोरड्या मोज्यांत घालणे ही ऐष नसून दुसऱ्या दिवशी चालता यावे म्हणून करायचे काम आहे.

जळवांची भीती लोक अवास्तव बाळगतात आणि तयारी मात्र अर्धवट करतात. कोरड्या महिन्यांत त्या कमी असतात, नाहीशा होत नाहीत. घट्ट विणीच्या सुती कापडाचे, गुडघ्यापर्यंत येणारे व वर नाडीने बांधता येणारे जळू-मोजे शिवून घ्यावेत. कापड फिक्या रंगाचे असेल तर वर चढणारी जळू दिसते. साध्या मोज्यांच्या विणीतून ती सहज आत शिरते. चिकटलेली जळू काढताना तिच्या निमुळत्या टोकाच्या शोषकाखाली नख सरकवून तो त्वचेपासून सोडवावा, मग जाड टोक सुटे करावे. मीठ, तंबाखू, काडीचा चटका हे उपाय टाळावेत, कारण त्यामुळे जळू पोटातील द्रव जखमेत ओकू शकते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे हिरुडिन असते, त्यामुळे चावा किरकोळ असूनही रक्त तासभर किंवा अधिक वाहत राहते. ते धुऊन, दाबून पट्टी लावली की पुरे. खरा त्रास होतो तो नदीकाठच्या डॅमडिम माश्यांचा. ही बारीक काळी माशी चावल्याचे त्या क्षणी कळतही नाही. नंतर रक्ताचा लाल ठिपका दिसतो आणि पुढे कित्येक दिवस खाज सुटते. पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट, हातमोजे आणि डास पळवणारे मलम हे देबानला उतरण्यापूर्वीच अंगावर असावे.

औषधोपचाराची तयारी डॉक्टरांशी बोलून महिनाभर आधी सुरू करावी. या भागात मलेरिया, त्यातही फाल्सिपेरम प्रकारचा, होऊ शकतो. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या, कधीपासून आणि परतल्यावर किती दिवस घ्यायच्या हे त्यांनीच सांगावे, कारण काही गोळ्या परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात आणि बरेच जण घरी आले की त्या बंद करतात. दुसरा आजार स्क्रब टायफसचा, जो गवताझुडपांतील सूक्ष्म माइटच्या अळ्या चावून होतो. गवतावर थेट बसू नये वा कपडे वाळत घालू नयेत. मच्छरदाणी, धनुर्वाताची लस, जुलाब व तापाची औषधे, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटे आणि आपली नेहमीची औषधे दोन वेगवेगळ्या पिशव्यांत विभागून न्यावीत. पाय मोडला तर उचलून आणण्याखेरीज मार्ग नाही आणि त्याला एक-दोन दिवस लागू शकतात, हे समजून गुडघेदुखी किंवा हृदयविकार असलेल्यांनी देबानच्या पुढे जाऊ नये, असे मला स्पष्ट वाटते. देबानपर्यंतचे जंगलही कमी नाही.

सामान बांधताना एकच कसोटी लावावी: हे भिजले तर काय होईल? जीन्स, जाड सुती टीशर्ट, पिसांची स्लीपिंग बॅग यांना या कसोटीवर जागा मिळत नाही. पटकन वाळणारे कृत्रिम धाग्याचे दोन जोड चालण्यासाठी आणि एक कोरडा जोड तंबूत घालण्यासाठी पुरतो. हिवाळ्यात रात्री चांगलीच थंडी पडते, म्हणून कृत्रिम भरावाची स्लीपिंग बॅग, लोकरीची टोपी व एक गरम जाकीट लागते. सॅकवर टाकायच्या आवरणावर विसंबू नये. आतून जाड प्लास्टिकची मोठी पिशवी लावून तिच्यात वस्तू भराव्यात. कॅमेरा व दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत ठेवावी आणि पहाटे बाहेर काढताना भिंगांवर धुके धरते ते शर्टाच्या टोकाने न पुसता आपोआप जाऊ द्यावे. हेडटॉर्च प्रत्येकाचा स्वतंत्र हवा, जादा सेल हवेत, पॉवर बँक हवी. शिधा सपक व ठरावीक असतो. भात, डाळ, बटाटे, अंडी यांवर दिवस काढता येतील अशी मनाची तयारी करून खिशात सुका मेवा ठेवावा. प्लास्टिकचा सर्व कचरा परत आणण्यासाठी दोन मजबूत रिकाम्या पिशव्या मात्र विसरू नयेत.

काय दिसेल याचाही अंदाज आधीच बांधलेला बरा. वाघ, बिबट्या, लामचित्ता आणि हिमबिबट्या अशा चार मोठ्या मार्जारांसाठी हे उद्यान ओळखले जाते, परंतु त्यांपैकी एकही प्रत्यक्ष दिसण्याची अपेक्षा घेऊन गेलेला माणूस रागावून परततो. 1981 साली शास्त्राला माहीत झालेली नामदाफाची उडती खार ही तर तज्ज्ञांनाही दाद देत नाही. येथे कान आधी कामाला येतात. सकाळी होलोंगच्या उंच झाडांवरून हूलॉक गिबनांची जोडी साद घालू लागते, धनेशाच्या पंखांचा आवाज पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो, आणि नशीब जोरावर असेल तर नदीच्या वाळवंटात अत्यंत दुर्मिळ असा पांढऱ्या पोटाचा बगळा उभा दिसतो. त्यासाठी पहाटे साडेपाचला तयार असणे, गटात सहापेक्षा जास्त माणसे न घेणे आणि भडक रंगाचे जाकीट घरी ठेवणे एवढे आपल्या हातात आहे.

निघण्याआधी एका कागदावर गाईडचे नाव, तळांचा क्रम, परतीची तारीख आणि त्या तारखेनंतर किती दिवस वाट पाहून कोणाला फोन करायचा हे लिहून घरच्यांपाशी द्यावे. त्याची दुसरी प्रत स्वतःच्या औषधांच्या पिशवीत ठेवून ती परतल्यावरही जपावी. पुढील दोन-तीन महिन्यांत केव्हाही ताप आला, किंवा काखेत, कमरेशी न दुखणारी काळी खपली दिसली, तर साधा ताप म्हणून घरी न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन तो कागद दाखवावा आणि मलेरिया व स्क्रब टायफस या दोन्हींच्या तपासण्या आपणहून मागून घ्याव्यात.