जमिनीखालची गरम पाण्याची लाइन गंजू नये म्हणून

आमच्या सोसायटीतली सोलरची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) लाइन दोन वर्षांपूर्वी उकरली, तेव्हा सगळ्यांनी काळ्या मातीला नावं ठेवली. पण पाइपवरचं ग्लासवूल (उष्णता टिकवणारा काचेच्या धाग्यांचा कापूस) काढलं तर पोतेऱ्यासारखं पिळता आलं! पाइप त्या ओल्या, उबदार गोधडीतच सडला होता. शिवाय साधारण ६० अंशांच्या पुढे काही पाण्यांत जस्ताचा मुलामा लोखंडाला राखायचं सोडून उलटा वागू लागतो, म्हणजे लोखंडच गंजू लागतं. म्हणून ‘जीआय आहे, चालेल’ यावर विसंबू नका.

आधी विचारा, लाइन पुरायलाच हवी का? भिंतीकडेने क्लँपवर नेता आली तर उत्तम. पुरायचीच असेल आणि तापमान-दाबाचा हिशेब बसत असेल तर सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लॅस्टिकचा पाइप) घ्या, ते गंजत नाही. लोखंडच हवं असेल तर पुढचं वाचा.

खोदाई दिवाळीनंतर करा, मृगाच्या आत उरका. चराला उतार द्या, तळाशी खडी आणि छिद्रांचा पाइप टाका. ते पाणी कुठे सोडणार हे खोदण्याआधीच ठरवा. नाहीतर चर म्हणजे लांबट हौदच.

पाइप वायर ब्रशने घासून, तेलकटपणा पुसून, गरम पाइपला चालणाऱ्या इपॉक्सीचे दोन हात द्या. नुसता रेड ऑक्साइड पुरत नाही आणि डांबरी टेप उष्णतेने मऊ पडते. आटे पाडताना तिथलं जस्त निघून जातं, म्हणून जोडांवर जास्त लक्ष द्या. जोड उघडे असतानाच कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने टेस्ट घ्या. प्लंबर घाई करेल, करू द्या.

इन्सुलेशन बंद पेशींचं, म्हणजे पाणी न शोषणारा पीयूएफ फोम, आणि त्यावर एचडीपीईचं (कडक प्लॅस्टिकचं) कवच. कारखान्यातून तयार आलेलं सर्वात बरं. पण तयार पाइपचेही जोड चरातच होतात आणि पाणी शिरतं ते तिथूनच. प्रत्येक जोडावर श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळून बसणारी नळी), पाइप जमिनीबाहेर येतो तिथे एंड कॅप (इन्सुलेशनचं टोक बंद करणारं टोपण). कवच कापलेलं एक टोक उघडं राहिलं तरी पाणी आतून लांबवर पसरतं.

मॅग्नेशियमचा, स्वतः गंजून पाइप वाचवणारा, अॅनोड पुरून द्यायला कोणी आलं तर पैसे वाचवा. मधला फोम आणि प्लॅस्टिक त्याचा प्रवाह पाइपपर्यंत पोचूच देत नाही. त्यापेक्षा तांब्याला लोखंड जोडताना डायइलेक्ट्रिक युनियन (दोन धातूंमध्ये वीज वाहू न देणारा जोड) बसवा. आरसीसीतून जाणारा पाइप स्लीव्हमधून न्या, सळईला टेकू देऊ नका.

चर बुजवताना पाइपभोवती १०० ते १५० मिमी स्वच्छ वाळू, वर मुरूम. राडारोडा आणि कोळशाची राख अजिबात नको. त्याआधी प्रत्येक जोडाचा, भिंतीपासूनचं अंतर टेपवर दिसेल असा, फोटो काढून ठेवा.