शेतातली नीलगाय पाहायची असेल तर

१९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा मी सांगतो ती तयारी फक्त दुर्बीण आणि कॅमेऱ्याची. जळगाव जिल्ह्यात बोदवड-मुक्ताईनगरकडे नीलगायी खासगी शेतांतूनच हिंडतात. तिथे नुसती गाडी घेऊन जाऊन भागत नाही.

आधी माणसं गाठा. गट नंबर टाकला की ऑनलाइन सातबाऱ्यावर मालकाचं नाव दिसतं, पण तो बऱ्याचदा पुण्याला नाहीतर सुरतला असतो. त्याचा फोनवर होकार घ्याच. खरं रान मात्र सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याला माहीत. रात्रीचं पाणी तोच भरतो, कळप कुठल्या बांधावरून उतरतो ते त्याच्याकडूनच कळतं. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार बदलतात, म्हणून मे महिन्यात जाणार असाल तर ओळख नव्याने करा. शेजारच्या बांधकऱ्यांनाही विचारा, कारण जनावर बांध ओलांडतं आणि तुमची परवानगी बांधाशीच संपते. पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवा.

जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. कपाशी उपटलेली असते, हरभरा गुडघ्याखाली, नजर लांब जाते. पावसाळ्यात मका-कपाशीत काही दिसत नाही आणि काळी माती बुटाला धरते.

आदल्या दुपारी जाऊन लेंड्यांचे ढीग शोधा. नीलगायी ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतात. ताजा, ओलसर ढीग म्हणजे वावर चालू आहे. बसायची जागा तिथून लांब, बांधावरच्या बाभळीच्या आडोशाला धरा. चिमूटभर माती सोडून वारा बघा. तो जनावराकडून तुमच्याकडे यायला हवा. उजाडायच्या आधी बसलेलं बरं. करडा-निळसर, गळ्यावर पांढरा ठिपका तो नर. माद्या आणि पिल्लं तांबूस.

अंधारात चालताना बॅटरी पायापुरतीच ठेवा. रानभर झोत फिरवलात तर राखणीला बसलेली माणसं तुम्हाला चोरटे शिकारी समजतील. बिनकठड्याच्या विहिरी दिवसाच पाहून ठेवा. ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका. कुंपणाच्या तारेला, ती बंद आहे असं कुणी सांगितलं तरी, हात लावायचा नाही. जनावराला नुसता हलका झटका देणाऱ्या मशीनऐवजी थेट वीज सोडलेली असली तर जीव जातो.

आणि ज्याच्या हरभऱ्यात कळप उतरला त्याच्यासमोर जनावराचं कौतुक करत बसू नका, त्याचं वर्षाचं पीक गेलेलं असतं. खाल्लेल्या ओळींचे, खुरांचे तारखेसह फोटो काढून त्याला द्या. भरपाईचा अर्ज ३ दिवसांत वनविभागाकडे जावा लागतो, पंचनाम्याला ते फोटो उपयोगी पडतात.